बाईची बारी

कनातीच्या मागं ये. पुढं तुला जागा मिळायची नाही, कारण तू बाई आहेस. आणि मागं तुला कुणी अडवायचं नाही, तेही तू बाई आहेस म्हणूनच.

साल १९७४, चैत्री पौर्णिमा, शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. दुष्काळाची वर्षं मागं पडलीत, विहिरींना पाणी आहे, म्हणून पंचांनी औंदा मोठा फड सांगितलाय. नारायणगावला जाऊन, राहुट्यांतून हिंडून, चहा पीत घासाघीस करून ते सुपारी देऊन आले. दुपारी फडाचा ट्रक गावात शिरला तेव्हा पोरं त्याच्या मागं वेशीपासून धावली. आता रात्र झालीय. गॅसबत्तीचा सूं आवाज, पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकेच्या झाकणाला टेकवलेला आरसा. एक जण तान्ह्या पोराला पाजता पाजता गालाला रंग लावतेय. दुसरी पायाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळतेय. त्यावर चाळ बांधायचे, नाहीतर रात्रभरात घोटे सोलून निघतात. ती वर बघते आणि तुझ्या अंगातल्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या टी-शर्टाकडं बोट करते.

"ह्यो काय सोंगट्यांचा पट घालून आलीस गं? कोण गावची?"

"शिरूरची."

"म्हंजी घोडनदीची." तिच्यासाठी शिरूर अजून घोडनदीच आहे. "बस तिकडं. ट्रंकंवर बसू नको, आत राजाचा टोप हाय."

कनातीच्या तोंडाशी मालकीण आणि एक पंच बोलतायत. बोलणं हळू चाललंय, पण तू जवळ आहेस.

"पाव्हणं, उरलेली रक्कम आधी. मग गण."

"बाई, आम्ही काय पळून चाललोय का?"

"तुम्ही न्हाई पळत. पन रात्री तीनला तुम्हाला उठवाया मी तुमच्या दारात यायची का? आन आले, तर तुमची मालकीण मला काय म्हनंल?"

पंच बंडीच्या आतल्या खिशात हात घालतो. मालकीण नोटा मोजते, थुंकी न लावता, भराभर. मग ढोलकीवाल्याला मान हलवून खूण करते. गण सुरू होतो.

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, मग वग. पहाटेपर्यंतचा हा क्रम गावाला पाठ आहे. तू मात्र त्या बाईकडं बघ जिनं तुला ट्रंकेवर बसू दिलं नाही. गवळणीत ती नाचली, नजरेनं पुढच्या चार रांगा घायाळ केल्या, पाव्हण्यांच्या शिट्ट्या झेलल्या. वग लागताच ती मागं आली, नऊवारीवर अंगरखा चढवला, टोप घातला, कमरेला तलवार लावली आणि पुन्हा बाहेर गेली. मघाशी शिट्ट्या मारणारी माणसं आता चिडीचूप. काही जणांचे हात नकळत जोडले गेलेत.

हे फक्त कल्पनेतलं नाही. कांताबाई सातारकरांनी रंगमंचावर शिवाजी महाराज उभे केले, आणि ते त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. त्यांचे पती तुकाराम खेडकर १९६४ मध्ये गेले. त्यांच्यामागं कांताबाईंनी स्वतःचा फड काढला, माणसं सांभाळली, ट्रक चालवले, मुलाला, रघुवीर खेडकरांना, त्याच धंद्यात तयार केलं. २०२१ च्या मे महिन्यात त्या गेल्या. पुरुष कलावंतांच्या फडात बाई नाचायची, हा जुना रिवाज. बाईच्या फडात पुरुष पगारावर, हा कांताबाईंसारख्यांनी पाडलेला.

आणि त्या रात्री कवठ्यातल्या बाकी बायका कुठं आहेत? येमाईला नैवेद्य दाखवून घरी गेल्यात. पोरं निजवून अंगणात बसल्यात आणि लांबून येणारी ढोलकी ऐकतायत. उद्या विहिरीवर त्यातली एखादी रात्रीच्या गवळणीची चाल गुणगुणेल आणि सासू खाकरेल. तमाशा बायकांपर्यंत असाच पोचला: नुसता आवाज, चित्राशिवाय.

याच गावच्या बशीर मोमीन कवठेकरांनी फडांसाठी लावण्या आणि वग लिहिले. मुसलमान शाहीर, देवी येमाई, आडनाव गावाचं. फडात आडनावांची ही रीतच आहे. नारायणगावकर, सातारकर, वाईकर, पंढरपूरकर. त्यात एखादीला गावाचं नाव बापाकडून आलेलं असेल, तमाशासम्राज्ञी विठाबाईंचे वडील भाऊ आणि चुलते बापूही नारायणगावकरच होते. पण पाटीवर बहुधा जात मागं राहिली आणि गाव पुढं आलं. नवऱ्याचं नाव तर कुठंच नाही. ज्या काळात गावातल्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेत, त्या काळात या बायका त्याच्याशिवायच ओळखल्या जात.

विठाबाईंचा विषय निघालाच आहे, तर तुला ती गोष्ट कुणीतरी सांगेलच: भरल्या दिवसांची विठाबाई नाचता नाचता आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत येऊन उभी राहिली. सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. माझा येत नाही. नवव्या महिन्यात त्या बाईला रात्रभर उभं राहावं लागलं, हे त्या गोष्टीत कुणी मोठ्यानं म्हणत नाही. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातची पदकं तिला मिळाली आणि २००२ मध्ये ती हलाखीतच गेली. तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सरकार देतं तो त्यानंतर.

पहाटे मलठणवरून परतीची एसटी मिळते. तिकिटावर गावापुढं साल छापलंय. पुढचा थांबा मात्र महामंडळाच्या कुठल्याच वेळापत्रकात नाही: इंग्लंड, कॉव्हेंट्री, १९७९.

मोटारींच्या कारखान्यांचं गाव, आणि कारखान्यांना उतरती कळा लागलेली. एका कोंदट हॉलमध्ये तू उभी आहेस आणि समोर तुझ्या टी-शर्टावरच्याच चौकटी सगळीकडं. हे टू टोनचं, म्हणजे इथल्या स्का लाटेचं, वर्ष. जमैकात १९६० च्या आगंमागं जन्मलेलं स्का संगीत इथं आलं आणि इथल्या पोरांनी त्याला गती दिली. गिटार मुख्य मात्रेवर वाजत नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत वाजते, आणि त्या फटीत पाय आपोआप उचलले जातात. मंचावर सात जण. सहा पुरुष आणि एक बाई. तिनं पुरुषी सूट घातलाय, डोक्यावर हॅट तिरकी, आणि ती उभी राहत नाही, उसळते. पॉलीन ब्लॅक. बँडचं नाव द सिलेक्टर.

दिवसा ती इस्पितळात एक्स-रे काढायची. मंचावरचं नाव वेगळं घेतलं ते नोकरीवर कळू नये म्हणून, आणि घेताना 'ब्लॅक' घेतलं, कारण तिला दत्तक घेतलेल्या गोऱ्या घरात तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. जो शब्द घरात गिळला जायचा, तोच तिनं आडनावाच्या जागी लावला. याच मांडवाखाली सात बायकांचा एक बँडही आहे, द बॉडीस्नॅचर्स, आणि त्यांच्यासाठी गाणारी ऱ्होडा डकार. आणि याच हॉलांमध्ये डोकी तासलेली वंशद्वेषी पोरंही येतात, हात ताठ करून सलामी ठोकतात. पॉलीन त्यांच्यासमोर गाते. गाणं थांबवून खडसावते, की पुन्हा गाते.

कांताबाई आणि पॉलीन, या दोघींना एकमेकींचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण पुरुषाचे कपडे दोघींनी घातले आणि कारणं वेगळी होती. पॉलीननं सूट घातला तो लोकांनी तिच्या अंगाकडं बघू नये, तिचं ऐकावं म्हणून. कांताबाईंनी अंगरखा घातला तो वगात राजा हवा होता म्हणून, आणि त्याच रात्री, त्याच माणसांसमोर, तासाभरापूर्वी त्या नऊवारीत नाचल्या होत्या. बघणाऱ्यानं आधी घायाळ व्हायचं, मग हात जोडायचे, आणि दोन्ही त्याच बाईपुढं. मला विचारशील तर हे जास्त अवघड आहे. सूट घालून स्त्रीपण झाकता येतं. इथं झाकायला काहीच नव्हतं.

चल, परत आपल्या रस्त्याला. शिरूरहून न्हावरं, आंधळगाव, मग भीमा. या खेपेला गाडी मागं मागं जातेय. न्हावऱ्यात घोडगंगा कारखान्याचं धुराडं दिसत नाही, उसाची हिरवाई नाही, ज्वारीची काळी रानं आहेत. पारगावला पूल नाही. जून संपत आलाय, नदीला गढूळ पाणी, नावेतून पलीकडं जावं लागतं. साल १९०५.

केडगावच्या स्टेशनजवळ भिंतींच्या आत एक गाव आहे. मुक्ती. पंडिता रमाबाईंनी इथल्या माळावर जमीन घेतली, आणि दुष्काळांनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून ज्या पोरी उघड्यावर टाकल्या त्या आगगाडीनं इथं आणल्या. विधवा, अनाथ, टाकलेल्या. दीड हजारांहून जास्त बायका आणि एकही कर्ता पुरुष घरात नाही. विहिरीवर बायका, गाईंच्या गोठ्यात बायका, तेलघाण्यावर, मागावर बायका. पुढं याच भिंतींच्या आत बायकाच खिळे जुळवून रमाबाईंचं मराठी बायबल छापतील. त्यासाठी ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी धर्मांतरावरून तिच्यावर उठवलेली झोड अजून शमलेली नाही. ती पांढऱ्या लुगड्यात, केस आखूड, कानाला कमी ऐकू येतं, आणि त्यामुळं तिच्याशी सगळे मोठ्यानं बोलतात.

आत काहीतरी चाललंय. तू देवळाच्या दाराशी पोचतेस आणि आवाजाची भिंत अंगावर येते. शेकडो पोरी एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करतायत. कुणी रडतेय, कुणी थरथरतेय, कुणी हात वर करून डोलतेय. जून १९०५ च्या अखेरीस हे सुरू झालं आणि कितीतरी दिवस चाललं. बोलत असलेल्या रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं, अशी त्याची नोंद आहे. मिशनऱ्यांनी हे पुढं पवित्र आत्म्याच्या खात्यात लिहिलं. मला त्यावर वाद घालायचा नाही. पण ज्या पोरींना जन्मभर 'हळू बोल' एवढंच शिकवलं होतं, त्यांना एका आवारात एकत्र ठेवलं आणि मोठ्यानं ओरडायची परवानगी दिली, तर आणखी काय होईल?

इथं आणखी एक दार आहे. कृपासदन. ज्यांना तेव्हाचा समाज 'पतित' म्हणे, त्या बायकांसाठी हा वेगळा विभाग. कवठ्याची ती बाई इथं आली असती तर तिला याच दारातून आत घेतलं असतं. जेवण मिळालं असतं, अक्षर मिळालं असतं, संरक्षण मिळालं असतं. चाळ मात्र दारात उतरवून ठेवावे लागले असते. रमाबाईंबद्दल माझा आदर तसूभर कमी होत नाही. या माळावर तिनं जे उभं केलं तसं त्या काळात दुसऱ्या कुणी केलं नाही. एवढंच, की तिच्या हिशोबात बाईच्या अंगातला ताल हे वाचवण्याजोगं काही नव्हतं.

आणि याच सुमाराला संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहतेय. त्याआधी तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. रेठऱ्याचा हा कुलकर्णी ब्राह्मण पवळेसाठी घरदार, जात सोडून आला, ही कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. बापूरावानं काय सोडलं याची यादी मिळते. पवळेनं काय सोडलं, ती यादी कुणी केलीच नाही.

पुढचा थांबा धावता आहे. दौंड, १९४८. इंग्रजीत अजून धोंड. मनमाडची लाइन इथं फुटते, रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन बिऱ्हाडं, फलाटावर कोळशाची काजळी. त्या काजळीत ट्रंकांवर बसलेला एक फड. सोंगाड्या, ढोलकीवाला, चार बाया, दोन पोरं. जायला गाव नाही. बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातलीय: अश्लील आहे, लोकांची नीती बिघडते. स्वराज्य येऊन वर्ष उलटलंय आणि पहिल्यांदा बेकार झाली ती ही माणसं. पुढं दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसेल, बंदी उठेल, आणि वगाची संहिता आधी मंजूर करून घ्यायची अट येईल. संहिता ठीक आहे. पण एकच ओळ बाईनं डोळे खाली ठेवून म्हटली तर भक्ती होते आणि अर्धा डोळा वर केला तर शृंगार. तो अर्धा डोळा कुठल्या कागदावर लिहून मंजुरीला पाठवायचा? फलाटावरच्या बाईला हे सगळं ठाऊक आहे. ती बिडी शिलगावते आणि पोलिसाकडं धूर सोडते.

आता चौफुला. इथं नीट उतर, घाई करू नको. २०१२ चा डिसेंबर.

पुण्याहून सोलापूरला जाणारा रस्ता आणि शिरूरहून बारामतीकडं जाणारा रस्ता इथं एकमेकांना छेदतात. मुक्ती इथून चालत तासाभरावर. उसाचे ट्रॅक्टर, गुऱ्हाळांचा गोडसर धूर, ढाब्यांच्या ट्यूबलाइटा, आणि त्यांत कला केंद्रांच्या पाट्या. हा फड नव्हे, ही संगीतबारी. इथं वग नाही, राजा नाही, सोंगाड्या नाही. पार्टी असते: एक मालकीण, सहा-आठ पोरी, तबला, पेटी, ढोलकी. थिएटरात अशा कितीतरी पार्ट्या मुक्कामाला असतात आणि रोज रात्री पाळीपाळीनं मंचावर येतात. ती त्यांची बारी. कमाईत थिएटरमालकाचा वाटा, पार्टीचा वाटा.

थिएटरच्या मागं खोल्या आहेत. दुपारी ये, म्हणजे खरं घर दिसेल. एका खोलीत शेगडीवर कालवण, दोरीवर वाळणाऱ्या नऊवाऱ्या, देव्हाऱ्याशेजारी घुंगरांची पेटी. शाळेतून आलेला पोरगा जमिनीवर पालथा पडून गणितं करतोय. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई भाकरी थापतेय. ती मालकिणीची वहिनी. ती बाहेरून लग्न करून आलेली, ती मंचाच्या जवळपासही फिरकत नाही. या बिऱ्हाडांत, विशेषतः कोल्हाटी समाजात, पायात चाळ बांधणारी पोर लग्न करत नाही. तिच्या पैशावर भावाचं लग्न होतं. मुलगी झाली की पेढे वाटायचे, ही महाराष्ट्रातली दुर्मीळ घरं. तुझ्या डोळ्यांत चमक आली, दिसली मला. जरा थांब. भाऊ गाडी फिरवतो, बहीण पायाला तेल लावते. चिरा उतरवणाऱ्या, म्हणजे पहिल्या संबंधाचे पैसे मोजणाऱ्या, 'मालका'शी नातं जुळतं, त्याची पोरं होतात, आणि त्याचं नाव पोरांना मिळत नाही. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं. बापाच्या रकान्यात आईचं नाव घेऊन तो पोरगा डॉक्टर झाला, आणि त्यासाठी शाळेत, वसतिगृहात काय काय सोसलं ते त्यानं लिहून ठेवलं. आईचं नाव मुलाच्या नावापुढं लावायचा नियम सरकारनं सगळ्या महाराष्ट्राला केला तो थेट १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी. तेव्हा त्याचं कौतुक झालं. या खोल्यांमध्ये ते नाव पिढ्यान् पिढ्या लागत होतं, फक्त इथं त्याला कौतुक म्हणत नव्हते.

रात्र. थिएटरच्या दारावरचा पोऱ्या तुला बघून गडबडतो.

"ताई, आत लेडीज बसत न्हाईत."

मागून मालकिणीचा आवाज येतो. "येऊ दे तिला. गडी बघत्यात ते चालतं आन बाईनं बघितलं की पाप लागतंय व्हय?"

तू एका बाजूच्या खुर्चीवर बसतेस. हॉलमध्ये उसाच्या बिलाचा पैसा आलाय, ते शर्टांवरून कळतं. पडदा उघडतो. पोरी रांगेनं येतात, मंचाला हात लावून कपाळाला लावतात, प्रेक्षकांना मुजरा करतात. ढोलकी अशी कडाडते की छातीच्या आत काहीतरी हलतं. 'नटरंग' येऊन जेमतेम तीन वर्षं होतायत. फर्माईश त्याच्याच गाण्यांची. पोरी ती म्हणतात, नाचतात, कंटाळतात. कंटाळा प्रेक्षकाला दिसत नाही, तुला दिसतो.

तिसऱ्या रांगेतला एक जण पाचशेची नोट दोन बोटांत धरून हलवतोय. दौलतजादा. एरवी पोरगी खाली उतरते, नोट घेते, नाव पुकारलं जातं, फर्माईश होते. या गड्याच्या मनात वेगळं आहे. पोरीनं जवळ यावं, नोट ओढावी, त्यानं ती सोडू नये, सोबत्यांनी हसावं.

आता मालकीण पुढं येते. पन्नाशीची, अंगानं भरलेली, डोळ्यांत काजळ. ती नाचत नाही, खाली बसते. पेटीवाला सूर देतो. बैठकीची लावणी. एकच ओळ ती घेते आणि पुन्हा पुन्हा म्हणते. पहिल्यांदा रुसून. मग तीच ओळ, पण जणू पदर सावरायला विसरली म्हणून. मग आईनं पोराला दटावल्यासारखी. मग थट्टेनं. हात मनगटापासून तेवढा वळतो, भुवई एक रेष वर जाते. आणि हे सगळं ती करते त्या नोटवाल्याकडं न बघता, त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडं बघून. म्हातारा फेटा सावरतो. हॉल हसायला लागतो. नोटवाल्याचा हात वरच राहिलाय. पाचव्यांदा ती ओळ येते आणि तिची नजर त्याच्या नोटेवरून घसरून भिंतीवरच्या घड्याळावर जाते.

गडी उठतो. स्वतः चालत मंचापर्यंत येतो आणि नोट तिच्यासमोर ठेवतो.

पॉलीन ब्लॅक कॉव्हेंट्रीत जे उसळून, ओरडून मिळवत होती, ते ही बाई बसल्या जागी भुवईनं मिळवते. पण यावरून या बायका स्वतंत्र आहेत असा निष्कर्ष काढायला धावू नको. मघाच्या नाचणाऱ्या पोरींतल्या एकीनं मालकिणीकडून उचल घेतलीय, भावाच्या ट्रॅक्टरसाठी. ती फिटेपर्यंत तिला पार्टी सोडता येत नाही. बंद खोलीतल्या बैठकीत एखाद्या रात्री समोरचा किती प्यालाय यावर बरंच अवलंबून असतं. जुलै २०२५ मध्ये चौफुल्याच्याच एका कला केंद्रात गोळीबार झाल्याच्या बातम्या तू वाचशील, आणि त्यांखाली लोक लिहितील की ही केंद्रंच बंद करा. १९४८ सारखंच. बंदूक आणणाऱ्याला सोडून बंदी नेहमी नाचणारीवर येते. माझं म्हणणं इतकंच: या मंचाच्या चौथऱ्यावर, बारी चालू असते तेवढा वेळ, नियम बाईचे असतात. चौथऱ्याच्या खाली उतरली की सगळ्यांचे. आणि तिला वाचवायला येणारा प्रत्येक जण आधी तो चौथराच काढून घेतो.

२०२० च्या मार्चमध्ये तो विषाणूनं काढून घेतला. थिएटरं बंद, सलग दोन चैत्र जत्रा नाहीत, सुपाऱ्या परत. खोल्यांमध्ये घुंगरं पेटीत आणि दागिने सोनाराकडं. त्या दोन वर्षांवरून गाडी भरधाव जाऊ दे.

एक गोष्ट बदलली ती सांगते. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांच्या 'संगीतबारी' या कार्यक्रमामुळं शकुंतलाबाई नगरकर, पुष्पा सातारकर यांच्यासारख्या कलावंत मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत जाऊन बसल्या आणि तिथं समोर बायका होत्या. फक्त बायकांसाठी लावणीचे खेळ लागू लागले. तिथं शिट्ट्या वाजवणाऱ्या बायका तू पाहिल्या नसशील तर जाऊन बघ. कवठ्याच्या अंगणात बसून ज्यांच्या आज्या नुसता आवाज ऐकत होत्या, त्यांना आता ती भुवई दिसते. आज्यांनी त्या आवाजावरून केलेल्या कल्पनेपेक्षा ती जास्त खट्याळ आहे.

आपण अजून २०१२ मध्येच आहोत. बारी संपलीय, मालकीण मागच्या पायरीवर बसून पायांचे चाळ सोडतेय. नोटा पदराच्या टोकात. हिशोब उद्या सकाळी. तबलजी तुझ्या मोबाइलमध्ये डोकं घालतो, इअरफोनचं एक टोक कानात घालतो. सिलेक्टर लागलंय. तो मांडीवर बोटं आपटायला लागतो, चुकतो, पुन्हा धरतो, मग हसतो.

"मधी मारतोय हा. मात्रा सोडून मधी. भारी हाय."

मालकीण दुसरं टोक ओढून घेते. बराच वेळ ऐकते.

"बाई गातीया."

"हो. सूट घालून गाते. पुरुषांचा."

"घालू दे. नाचून घाम येतो तेवढ्यात बरा न्हाई तो, पन घालू दे." ती आणखी थोडं ऐकते. "मालक कोण पार्टीचा?"

तू सांगायला लागतेस की तिथं अशी पार्टी नसते, बँड असतो, सहा पुरुष आणि ही, सगळे मिळून असतात. ती हातानं तुला थांबवते.

"ते ऱ्हाऊ दे. लोकं पैसं देत्यात, ते पहिल्यांदा कुणाच्या हातात येतं? हिच्या का त्या सहांच्या?"

तबलजी तुझ्याकडं बघतो. आत दुसऱ्या पार्टीची ढोलकी सुरू झालीय. मालकीण इअरफोन परत करते, पदराची गाठ घट्ट करते आणि वहिनीला हाक मारते: पोरगीला दोन भाकरी वाढ, शेवटची गाडी गेली, आता ही सकाळीच जाईल.